तिकडची टीम आमच्यावर विश्वास ठेवत नाही (आणि खरं सांगायचं तर आम्हीही त्यांच्यावर नाही)

नाईटबिल्ड

हे लिहू की नको असं दोन आठवडे चाललं होतं. आज लिहितेच, कारण काल रात्री मी जे केलं त्याची आज सकाळी माझी मलाच लाज वाटली. ते शेवटी सांगते.

बिलिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यावर अकरा जण काम करतात. आम्ही सहा इकडे, पाच तिकडे, मधे नऊ तासांचा फरक. आमचा दिवस संपत आला की त्यांचा सुरू होतो. आम्ही थोडं उशिरापर्यंत थांबतो, ते थोडे लवकर येतात, तेव्हा कुठे दीड तास एकत्र मिळतो. त्यातच स्टँडअप (कोण काय करतंय याची छोटी मीटिंग), त्यातच प्लॅनिंग, त्यातच कोणाचं काय अडलंय ते. वर्षातून दोनदा त्यांची घड्याळं एक तास सरकतात, आमची नाही, आणि दर वेळी कोणीतरी मीटिंगला तासभर चुकतोच. मी इकडची लीड. या धंद्यात नऊ वर्षं झाली, या टीमवर दोन. तिकडच्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही.

तिकडे एक अनुभवी डेव्हलपर आहे. कोडबेसचा अर्धा भाग त्यानेच लिहिलेला, त्यामुळे आमचे बहुतेक पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्यायला पाठवलेले बदल) त्याच्याकडे रिव्ह्यूला जातात. आमच्या पीआरवर चाळीस-चाळीस कॉमेंट. व्हेरिएबलचं नाव असं का, ही टेस्ट अपुरी, हे आधी विचारायला हवं होतं. त्यांच्या आपसातल्या पीआरला दहा मिनिटांत अप्रूव्हल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्याकडची एक मुलगी, दीड वर्षाचा अनुभव, हुशार आहे. ती आता पीआर उघडायच्या आधी मला विचारते, 'ताई, यावर तो काय म्हणेल?' कोड बरोबर आहे का हे विचारत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी कहर झाला. डेटाबेसच्या एका मायग्रेशनवर (डेटा नव्या रचनेत हलवण्याच्या कामावर) आम्ही महिनाभर राबलो होतो. गुरुवारी संध्याकाळी सोडलं, सगळं हिरवं बघून घरी गेलो. शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर सगळं मागे घेतलेलं. कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमध्ये एकच शब्द, 'रिव्हर्ट', म्हणजे मागे घेतलं. त्या रिव्ह्यूवाल्याच्या सहीने. ना मेल, ना चॅटवर ओळ, ना फोन. शुक्रवारी तो रजेवर. सोमवारच्या स्टँडअपला म्हणाला, 'इट वॉज नॉट सेफ', आणि पुढच्या टिकेटवर (कामाच्या नोंदीवर) गेला. आमच्याकडचे सहाही जण म्यूटवर होते. मीसुद्धा.

तेव्हापासून आमच्या मुलांनी चॅटवर स्वतःचं वेगळं चॅनेल काढलंय, 'तिकडच्यांना' सोडून. निम्म्या तांत्रिक चर्चा आता तिथेच होतात. मला ते बंद करायला हवं हे कळतं. पण मीही त्यात आहे.

मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला टीम बाँडिंग कमी पडतंय, दर पंधरवड्याला ऑनलाइन क्विझ ठेवू. एक झालीही. आम्ही सहा एका गटात, ते पाच दुसऱ्या. (गट असे पाडण्याची कल्पना कोणाची होती देव जाणे.)

तर कालची गोष्ट. रात्री साडेअकराला मी त्या माणसाच्या गेल्या सहा महिन्यांच्या कमिट चाळत बसले होते. एक तरी मोठी चूक सापडावी म्हणून. दोन सापडल्या. बरं वाटलं. आणि मग अजिबात बरं वाटेना.

ज्यांनी अशा टीममध्ये बरीच वर्षं काढली आहेत त्यांना विचारायचंय: न भेटलेल्या माणसांमध्ये विश्वास खरंच तयार होतो का? की आपण उगीच नाटक करतो आणि रिलीज कशीबशी बाहेर पडते?

---

कंटाळलेला_टेस्टर

दोन्हीकडची टीम टेस्टरवर विश्वास ठेवत नाही, या मुद्द्यावर मात्र जगभर एकमत आहे. चालू द्या, वाचतोय.

---

सेमिकोलन

लाज वाटून घेऊ नका. मीही हे केलंय, आणि ते भर दुपारी, पगारी वेळेत.

एक सांगा. 'इतक्या कॉमेंट का टाकतोस?' हे तुम्ही त्याला विचारलंत का? तुमच्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही. तुम्ही प्रश्न मनात विचारलात, त्याच्या वतीने उत्तरही मनातच दिलंत आणि मग त्या उत्तरावर चिडलात. बावीस वर्षांत मी पाहिलेल्या लांबच्या टीमपैकी बहुतेक अशाच बिघडल्या. भांडण होऊन बिघडलेली एखाददुसरी.

शेजारच्या टेबलावरचा माणूस दिवसभर गप्प असला तर तो सकाळपासून फोनवर आहे किंवा डोकं धरून बसलाय हे आपल्याला दिसतं. लांबच्याचं नुसतं गप्प असणं आपल्यापर्यंत येतं, त्यामागचं कारण तिकडेच राहतं. ते आपण आपल्या पदरचं घालतो, आणि जवळजवळ नेहमी त्याच्या स्वभावातलं घालतो: आखडू आहे, कामचुकार आहे, आपल्याला कमी लेखतो. त्याच्या परिस्थितीतलं कारण आपल्याला सुचतच नाही, कारण ती परिस्थिती आपण पाहिलेली नसते. कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ साली वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या विद्यार्थ्यांच्या टीम अभ्यासून यावर एक शोधनिबंध लिहिला होता. अशा टीमच्या अडचणींचे त्यांनी पाच प्रकार पाडले, आणि त्यातला एक प्रकार म्हणजे समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावता न येणं. गप्प म्हणजे मान्य? अमान्य? मेल वाचलाच नाही? सुट्टीवर होता? चारही शक्य असतात, आणि चिडलेला माणूस चारातलं सर्वांत वाईट उचलतो.

दुसरं, मोजा. 'चाळीस कॉमेंट' आणि 'दहा मिनिटं' हे तुमच्या लक्षात राहिलेले आकडे आहेत. राग आलेल्या माणसाला आकडे पाठ असतात, पण निवडक. गेल्या तीन महिन्यांचे सगळे पीआर काढा: आकार किती, पहिली कॉमेंट यायला किती वेळ, मर्ज व्हायला (मुख्य कोडमध्ये जायला) किती. दोन्हीकडचे. मॅनेजरला दाखवायला नको, तुमच्यापुरते.

उशिराबद्दलही एक. हर्बस्लेब आणि मॉकस यांचा २००३ चा अभ्यास आहे, खऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवरचा. काम एकाहून जास्त ठिकाणी वाटलं गेलं की तशाच कामाला साधारण अडीच पट वेळ लागतो असं त्यांना दिसलं, आणि मोठं कारण हे की अशा कामात जास्त माणसं गुंततात. म्हणजे तुमचा पीआर तीन दिवस पडून राहिला तर त्यातला बराचसा काळ रचनेचा आहे, माणसाचा नाही. हे कळल्यावर राग कमी होतो असं नाही, पण निदान योग्य जागी जातो.

क्विझबद्दल काय बोलणार. गप्पाटप्पा निरुपयोगी नसतात. यारवेनपा आणि लाइडनर यांनी १९९९ मध्ये दूरच्या टीमबद्दल लिहिलंय, त्यातही सुरुवातीचा विश्वास जमायला उत्साह आणि अवांतर बोलणं कामी येतं असं निघालं. पण पुढे तो टिकला ते नेमाने संपर्क ठेवणाऱ्या आणि वेळेवर, कामाचं उत्तर देणाऱ्या टीममध्ये. तुमची टीम दोन वर्षांची आहे. क्विझची वेळ केव्हाच गेली.

---

चौकोनातला_माणूस

ताई, मी 'तिकडचा' आहे. म्हणजे तुमचा नव्हे, पण माझ्या टीममध्ये दहा जण एका ऑफिसात आणि मी एकटा लांब. त्यामुळे तुमची पोस्ट मी उलट्या बाजूने वाचली.

तुमच्या 'सहाही जण म्यूटवर होते' या वाक्याशी अडखळलो. तिकडे त्या माणसाला काय दिसलं असेल? 'इट वॉज नॉट सेफ' म्हणाल्यावर समोर सहा नावं, सहा लाल माइक, शांतता. त्याला वाटलं असेल, चला, पटलं यांना. किंवा वाटलं असेल, यांना पर्वाच नाही, महिनाभराच्या कामावर एक प्रश्न नाही. मी असतो तर दुसरं वाटलं असतं.

आमच्याकडची मीटिंग अशी व्हायची: ते दहा जण एका खोलीत, टेबलावर एक माइक, आणि मी भिंतीवरच्या पडद्यावर चौकोन. कोणीतरी माइकपासून लांब काहीतरी बोलायचं, सगळे हसायचे. मीही हसायचो, न कळता. दीड वर्ष हसलो. मीटिंग 'संपली' की मला कट करायचे आणि खरे निर्णय दाराशी उभं राहून व्हायचे. दुसऱ्या दिवशी टिकेट बदललेलं दिसायचं. कोणी दुष्टपणा करत नव्हतं हो. त्यांना मी तिथे नाही हेच लक्षात राहायचं नाही.

मग कंपनीने कीबोर्ड-माऊसची हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं, फक्त घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर. पाच मिनिटं हात हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा. मी विचार करताना येरझाऱ्या घालतो, म्हणजे नेमकं काम करताना पिवळा. मग मीही शिकलो: विचार करायचा असला की फाइल उघडून वर-खाली स्क्रोल करत बसायचं. ठिपका हिरवा, काम शून्य. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवसापासून मी ठरलेल्या वेळेनंतरचा एकही फोन उचललेला नाही. आधी उचलायचो.

बदललं ते एका नव्या लीडमुळे. तिने एकच नियम केला: एक जण जरी लांब असेल तर सगळे आपापल्या लॅपटॉपवरून मीटिंगला. खोलीतसुद्धा. आणि दाराशी काही ठरलं तर ते टिकेटवर लिहून माझं उत्तर येईपर्यंत ठरलेलं मानायचं नाही. पहिले दोन आठवडे सगळे वैतागले. माझ्यामुळे कामं थांबतात म्हणाले. मग टिकेटवर लिहायची सवय त्यांनाच आवडायला लागली, कारण तीन महिन्यांनी 'हे असं का केलं होतं?' हे कोणालाच आठवत नसे.

तुमचं ते वेगळं चॅनेल म्हणजे आमचं दार आहे, एवढंच.

---

पॅचवाला

इथे विश्वास हा शब्द दोन अर्थांनी चाललाय. 'हा माणूस माझं वाईट चिंतत नाही' हा एक, आणि 'याचा कोड न बघता घ्यावा' हा दुसरा. पहिला हवाच. दुसरा शेजारी बसणाऱ्यालाही देऊ नये.

मी नोकरीव्यतिरिक्त दोन मुक्त (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पांत पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवतो. लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) १९९१ पासून बहुतांशी एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी लिहिलंय. तिथे नव्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही, कारण कोणाच्याच पॅचला सूट नाही. पॅच उघड मेलिंग लिस्टवर जातो, चिरफाड उघड होते, आणि ती चिरफाड कायम वाचता येते. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. माणसागणिक ती साखळी वाढत जाते, म्हणजे कोणाच्या हातून काय आलं ते दिसतं. छोटे पॅच घेतले गेले की मोठे वाचले जातात. असं वर्षानुवर्षं.

तुमच्या टीममध्ये मला खुपलं ते चाळीस कॉमेंट नव्हेत, त्या दहा मिनिटांच्या अप्रूव्हल. कडक रिव्ह्यू सगळ्यांना असेल तर तो नियम होतो. काहींनाच असेल तर तो पहारा.

आणि उलट टोकही बघा. २०२४ चं एक्सझेड प्रकरण. डेटा दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी, सांभाळणारा एकटा, दमलेला. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगली कामं केली, गोड बोलून. दुसऱ्या काही खात्यांवरून त्या दमलेल्या माणसाला मेल येत राहिले की काम फार हळू चाललंय, कोणाला तरी सोबत घ्या. शेवटी किल्ल्या जिया टॅनकडे गेल्या, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे जाण्याच्या सोयीचं) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं आणि तो मागे लागला. २९ मार्च २०२४ ला त्याने जाहीर केलं. दोन वर्षांचा चांगुलपणा एकीकडे, एका चिकट माणसाचा अर्धा सेकंद दुसरीकडे. म्हणून तुमच्या त्या रिव्ह्यूवाल्याला मी लगेच खलनायक ठरवणार नाही. असा माणूस मला माझ्या टीममध्ये हवाय. फक्त त्याने स्वतःच्या लोकांचाही कोड तसाच वाचावा.

---

नाईटबिल्ड

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचे आभार. सेमिकोलन, तुमचा पहिला परिच्छेद वाचून चिडले होते. दुसऱ्या दिवशी मोजायला बसले.

मोजलं ते असं: तीन महिन्यांत आमचे ५२ पीआर, त्यांचे ७१. आमच्या पीआरचा आकार सरासरी सहाशे ओळींच्या वर, त्यांचा नव्वदच्या आसपास. दर शंभर ओळींमागे कॉमेंट मोजल्या तर आमच्यावर किंचित जास्त आहेत, पण 'किंचित'. चाळीस कॉमेंटचा पीआर एकूण एकच होता. दहा मिनिटांची अप्रूव्हल मात्र खरी निघाली, अकरा वेळा. पॅचवाला, तुमचा मुद्दा तिथे लागू.

आमचे पीआर एवढे मोठे का, हे मला आमच्याच मुलांना विचारावं लागलं. उत्तर: 'रिव्ह्यूला एक दिवस जातोच, मग सगळं एकदमच पाठवतो.' म्हणजे उशिराला घाबरून मोठा पाठवायचा, मोठा म्हणून रिव्ह्यूला उशीर, आणि उशीर झाला की तो आखडू. हे चक्र मी दोन वर्षं बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

मग त्याच्याशी बोलले. मेलवर नाही, कॉल, दोघंच, माझ्या रात्री साडेनऊला. पाठ करून बसले होते. पहिलं वाक्य म्हटलं, मायग्रेशन परत घेतलंस त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. तो काही क्षण गप्प. (मौनाचा अर्थ लावू नये असं स्वतःला बजावत बसले.) मग म्हणाला, मी तुला दोनदा फोन केला होता.

ऑन-कॉलच्या शीटवर (बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा त्या यादीवर) माझा जुना नंबर होता. मीच भरलेला, मीच न बदललेला. बिलं दुप्पट निघायला लागली होती, त्याच्याकडे दुपारचे चार, माझ्याकडे रात्रीचा एक. फोन लागला नाही, त्याने मागे घेतलं आणि निस्तरत बसला. मेसेज का नाही लिहिला? तर म्हणे दुसऱ्या दिवसापासून रजा होती, निघायच्या घाईत राहिलं, आणि सोमवारी कोणी काही विचारलं नाही म्हणून वाटलं की तुम्हाला कळलंय. चौकोनातला_माणूस, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या दोनांपैकी पहिलं.

मी म्हटलं, एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? म्हणाला, बरोबर आहे. सॉरी म्हणाला नाही. 'बरोबर आहे' म्हणाला. तेवढ्यावर घेतलं.

पण खरी गोष्ट पुढे निघाली. प्रॉडक्शनचा पेजर (प्रत्यक्ष वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की वाजणारा) पहिल्यापासून त्यांच्याकडेच आहे, आणि पाचातले तिघं नवे, म्हणजे व्यवहारात तो आणि आणखी एक जण. आम्ही दुपारी बाराला मर्ज करतो तेव्हा त्याच्याकडे पहाटेचे तीन. आमचं काही फुटलं की त्याचा फोन वाजतो, घरात लहान मूल आहे, ते उठतं. त्याने तक्रार म्हणून नाही सांगितलं. मी विचारलं की आमच्या कोडकडे एवढं बारीक का बघतोस, त्याचं ते उत्तर होतं. दोन वर्षांत आमच्यातल्या कोणाला एकदाही सुचलं नाही की आपला दिवस म्हणजे त्याची रात्र. पेजर आमच्याकडे कधी वाजलाच नव्हता.

सगळं छान झालं असं नाही. दहा मिनिटांच्या अप्रूव्हलबद्दल बोलल्यावर तो जरा ताठला. ते एकत्र बसून लिहितात म्हणून रिव्ह्यू आधीच झालेला असतो असं त्याचं म्हणणं. मला पूर्ण पटलेलं नाही. आमचं वेगळं चॅनेल अजून आहे. मी त्यातून बाहेर पडले, मुलं नाहीत. मी बाहेर पडल्यावर तिथे माझ्याबद्दल काय बोलतात कोणास ठाऊक. आणि ती मुलगी अजूनही विचारते, 'तो काय म्हणेल?' आता मी तिला म्हणते, त्यालाच विचार, ड्राफ्ट पीआर उघड. दोनदा उघडलाय तिने.

---

सेमिकोलन

पेजरचं काय केलंत?

---

नाईटबिल्ड

वाटून घेतला. आमच्या दिवसाचे बारा तास आमच्याकडे, बाकीचे त्यांच्याकडे. मॅनेजरला समजवायला क्विझपेक्षा जास्त वेळ लागला. परवा पहिल्यांदा माझ्याकडे वाजला, सकाळी सव्वासातला, आणि मला काहीही सुधरेना. त्याच्याकडे रात्रीचे सव्वादहा. तो जागा होता, चॅटवर म्हणाला, 'लॉगमध्ये तिसऱ्या ओळीपासून वाच, घाई करू नकोस.' पाऊण तास लागला. चूक त्यांच्या कोडमध्ये होती.

कमिटच्या मेसेजमध्ये सहा ओळी लिहिल्या.